मुठीतलं मीठ

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल राई गावात चुलतभावाच्या मुलाची हळद. बेंजो पार्टी निकेतची होती. म्हणजे पार्टी जयवंतची, पण लोक ऑक्टोपॅड ऐकायला येतात आणि तो वाजवतो माझा मुलगा. पहाटेपर्यंत वाजवला. जेवताना एक म्हातारा मुद्दाम येऊन बोलला, "तुजा पोर लय भारी वाजवतं रं. आन् थेंबाला शिवत न्हाय." त्याच दारच्या मांडवात एके काळी मला चौघांनी उचलून टेम्पोत टाकलं होतं, हे त्यालाही आठवत असणार. बोलला नाही, उपकार.

खाण तशी माती म्हणतात. माझ्या घरात ते खोटं ठरलं. देवीची कृपा.

नि. घरी आला तेव्हा हिने दारातच त्याचं तोंड हुंगलं. माझ्या पिण्याच्या दिवसांतली सवय, माझी सुटली तरी हिची सुटली नाही. "वास न्हाय," असा निकाल दिला आणि चहा टाकला. नि. हसला.

१९ नोव्हें.

सकाळी पेणकरपाड्याच्या पाण्याची चावी फिरवून घरी आलो तर नि. ओट्यावर टेबलफॅनचा स्क्रू न् स्क्रू सोडून बसलेला. काल दुपारपासून म्हणे झोपला नाही. मला म्हणाला, "पप्पा, बसा ना जरा."

बसलो. दोन तास बोलला. स्वतःची पार्टी काढायचीय. मागच्या खोलीत स्टुडिओ. आजोबांच्या मिठागराबद्दल विचारत होता, मीठ कसं धरायचे, पाणी कुठून घ्यायचे, बायका काय गाणी म्हणायच्या. त्यावर गाणं करणार आहे. दहावीनंतर ह्या मुलाने माझ्याशी "हो", "नाही" आणि "ठेवलंय" ह्यापलीकडे शब्द काढलेला नाही. डोळे कसे चमकत होते. मला फार बरं वाटलं.

नवघरचा व्हॉल्व्ह उघडायला उशीर झाला. बिल्डिंगवाल्यांनी हिंदीत, गुजरातीत, मराठीत उद्धार केला. करू देत. पाणीखात्यात इतकी वर्षं काढली, शिव्यांना चव राहिली नाही.

२२ नोव्हें.

नि. दोन दिवस नुसता झोपून. उठला, अर्धी भाकरी खाल्ली, परत आडवा. झोपेत दात खातो, कडाकडा. ही म्हणाली, जंत झाले असतील. मेडिकलमधून औषध आणून पाजलं.

फॅन तसाच पडलाय. स्क्रू एका वाटीत.

४ डिसेंबर, गुरुवार

जयवंत आला होता. ही आत मार्गशीर्षाची पूजा मांडत होती. चहा घे म्हटलं तर नको म्हणाला. जयवंत चहाला नको म्हणणारा माणूस नाही.

"काका, निकेतला मी पार्टीतून काढलाय. दोन हळदी झाल्या, आलाच न्हाय. आलाच तर ताल पळवतंय. पोरं वैतागली."

मी म्हटलं, दमला असेल.

"दमला न्हाय. पावडर घेतो तो. एमडी. वरीस झाला असंल."

मी काय बोललो ते लिहायलाही लाज वाटते. म्हटलं, "अरे, पण वास तर येत नाही."

जयवंत माझ्याकडे बघतच राहिला. "काका, त्याला वास नसतो."

तो गेल्यावर पॅडची बॅग उघडली. आत पॅड नाही. जुनी वर्तमानपत्रं नीट घड्या घालून भरली होती, बॅगेचा आकार बसू नये म्हणून. एवढी मेहनत घेतली त्याने.

हिला अजून सांगितलं नाही. उपास होता.

५ डिसें.

सांगितलं. ही रडली नाही. फक्त म्हणाली, "मी रोज वास घेतला वो. रोज घेतला."

नि. संध्याकाळी आला. आधी नाही म्हणाला, मग जयवंतवर भडकला. मग एकवीरा आईची शपथ. मला शपथा शिकवतोय. एके काळी मी सगळ्या देवांच्या घेतल्यात, एकही पाळली नाही.

पाळली ती फक्त मिठाची.

पोलिसात जावं का, असं हिने विचारलं. देणारा कोण, तर ह्याच्याच शाळेतला, आमच्या घरी जेवून गेलेला. तक्रार केली तर आधी आत कोण जाणार, आपलाच. परत परत तेवढ्यावरच येऊन थांबलो.

६ डिसें.

ठरवलं. उद्या त्याला आगरावर नेतो.

आईने मला नेलं होतं तसंच करायचं. क्रम चुकू नये म्हणून लिहून ठेवतो. बांधावर उभं राहायचं, तोंड खाडीकडे. उजव्या मुठीत मीठ धरायचं. बोलायचं ते बोलायचं. एक खडा जिभेवर. उरलेलं मीठ फडक्यात गाठ मारून घरातल्या थोरल्याने ठेवायचं. शपथ मोडली तर माणूस मिठासारखा विरघळतो. आणि पाळवतच नसेल तर ज्याने धरलं त्याने आपल्या हाताने ते परत खाडीत सोडायचं, म्हणजे सुटका. आमच्या घराण्यात कोणी सोडल्याचं ऐकलं नाही.

माझी पुरचुंडी देव्हाऱ्यात आहे. पावसाळ्यात पाणी सुटतं, ही उन्हात वाळवून परत ठेवते. मी त्यानंतर थेंब घेतला नाही. मला पुरलं तर माझ्या रक्ताला का पुरणार नाही?

७ डिसें., रविवार

स्कूटरवर मागे बसला, निमूट. आपलं आगर आता आपलं नाही, अर्ध्यावर झाडी वाढलीय. पण बांध आहे. नवीन मीठ अजून धरलेलं नव्हतं, गेल्या वर्षीचा एक ढीग ताडपत्रीखाली होता. राखणदार ओळखीचा, बोलला घ्या की.

जाडं मीठ, पांढरंशुभ्र. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही, आई शप्पथ. मी त्याच्या तळहातावर मूठभर ठेवलं आणि म्हटलं, मूठ बंद कर.

करेना. नुसता बघत राहिला. कपाळावर घाम. डिसेंबरात, खाडीच्या वाऱ्यात. हात असा कापायला लागला की खडे खाली पडू लागले. मला वाटलं, पश्चात्ताप होतोय पोराला. आईसमोर मीही कापलो होतो.

मग म्हणाला, "पप्पा, असंच दिसतं ते."

मला कळायलाही थोडा वेळ लागला.

मूठ मीच माझ्या हाताने बंद केली. बोलायचं ते तो बोलला, मी सांगितलं तसं. खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. त्याचा चेहरा बघवला नाही. पुरचुंडी बांधली. परत निघालो.

नाक्यावर सिग्नलला उतरला. "आलो दहा मिनिटांत."

आला नाही अजून.

८ डिसें.

सकाळी आला. बोलत होता, बोलत होता. डोळे चमकत होते. आता मला ते डोळे कळतात.

शपथ घ्यायला नेलं आणि मीच त्याला आठवण करून दिली. हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुमाला काय म्हाईत." पण जेवताना माझ्याकडे बघितलं नाही.

११ डिसें.

आज कधी नव्हे तो शुद्धीत होता. ओट्यावर बसलो. मी शिव्या द्यायच्या नाहीत असं ठरवून बसलो होतो. विचारलं, अरे, त्यात मिळतं तरी काय? मला समजव. मी दारुडा आहे, मला कळेल.

त्याने सांगितलं ते जसं आठवतं तसं:

"मुर्धा गावच्या हळदीत पहिल्यांदा घेतली. पप्पा, हात आपोआप चालायला लागले. समोर पाचशे माणसं नाचतायत आणि सगळ्यांचे पाय माझ्या हातात. कुणाची भीती नाही. तुमची पण नाही. वाटलं, आयला, असा आहे मी? मग आधी कुठे होतो? त्यानंतर जेवढ्या वेळा घेतली, ती त्या पहिल्या वेळेसाठी. ती परत आलीच नाही. पण आता येईल, ह्या वेळी येईल, असं वाटतं ना..."

स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "आता तर नुसतं नॉर्मल वाटायला पण लागते."

 मला कळेल म्हटलं होतं, कळलं नाही. मी प्यायचो ते मला मीच नकोसा व्हायचो म्हणून. ह्याला त्या पावडरीत तो स्वतः सापडला. दारूशी भांडता येतं. ह्याच्याशी भांडायचं म्हणजे पोराला सांगायचं की तो जो तू तुला आवडलास, तो खरा नाही. कोण बाप सांगेल?

मी एक विचारलं. विचारायला नको होतं. "त्या दिवशी फॅन उघडून बसला होतास, आजोबांच्या आगराचं विचारत होतास. तेव्हा?"

खाली बघत म्हणाला, "घेतलेली."

म्हणजे ते दोन तासही त्या पावडरीचेच.

१३ डिसें.

सांगायला लाज वाटते पण रोजनिशीत नाही तर कुठे लिहू. आज व्हॉल्व्हवर उभा असताना मनात आलं, परत एकदा तसा बोलला तर. घेऊन का होईना. लगेच स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बाजूला हंडा घेऊन उभी असलेली बाई म्हणाली, "भाई, पानी छोडो ना, किधर देख रहे हो?"

१७ डिसें.

घरात नवीन तमाशा. हिने मिठाची काचेची बरणी उचलून कपाटात डाळीच्या डब्यामागे ठेवली. नि.ने सांगितलं म्हणे, आई, ती समोर नको ठेवूस. साखरही गेली, गूळ आला. आता ही दार लोटून पाठ करून आमटीत मीठ टाकते, आणि घाबरतच टाकते, म्हणजे टाकतच नाही. आगऱ्याच्या घरात अळणी कालवण. तिघंही मुकाट्याने खातो.

माझ्या आजाच्या मिठाने अर्धी मुंबई जेवली असेल. हसू आलं, मग नाही आलं.

२३ डिसें.

सहा दिवस घेतली नाही म्हणतो. खरं असावं, कारण माणूस म्हणून टिकत नाही त्याच्याजवळ. दार आपटतो. भिंतीला टेकून बसतो. काही गोड लागत नाही, गाणं लावलं तर बंद कर म्हणतो. पॅड वाजवणारा मुलगा, बोट हलत नाही. ही त्याच्या केसांना तेल लावत होती, तर म्हणाला, "आई, सगळं राखाडी दिसतंय गं."

दारू सोडली तेव्हा मी थरथरलो, ओकलो, चार-आठ दिवसांत भूक लागली. भूक लागली की माणूस वाचतो असं आई म्हणायची. ह्याला कशाचीच भूक नाही.

२६ डिसें.

परत घेतली. मला विचारायची गरज पडली नाही. घरात गाणं गुणगुणत होता.

आणि मला, बापाला, क्षणभर ते गुणगुणणं ऐकून बरं वाटलं.

३ जानेवारी

व्यसनमुक्तीवाल्या मॅडमना भेटलो. पोरगीच आहे, निकेतहून दोन-चार वर्षांनी मोठी. शांतपणे ऐकलं. मिठाचं सांगितलं तर हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, "काका, शपथ घालू नका. मोडली की पेशंट घरी यायला लाजतात. आणि मोडणार, घसरणं आजारातच येतं."

म्हटलं, मला तर पुरलं मीठ.

"तुम्हाला पुरलं, छान झालं," एवढंच म्हणाली.

दारूसाठी काही गोळ्या तरी असतात, ह्याच्यासाठी सोडवणारं खास औषध नाही म्हणाली. बोलणं, दिनक्रम, माणसं, वेळ. मी म्हटलं, वेळ किती? तिने भरतीचा फॉर्म पुढे केला.

सोमवारी भरती करायचं ठरलं. नि. हो म्हणाला.

५ जाने.

पोचवून आलो. बॅग त्याने स्वतः भरली. ही दारात उभी राहून सवयीने तोंड हुंगायला पुढे झाली आणि मध्येच थांबली, गालाला हात लावून मागे आली. गेटवर नि. म्हणाला, "पप्पा, पुरचुंडी तुमच्याकडेच आहे ना?" हो म्हटलं. "मग झालं."

काय झालं, ते मला कळलं नाही.

रात्रीच्या जेवणात हिने मीठ व्यवस्थित टाकलं. दोघांनाही खारट लागलं.

११ जाने., रविवार

भेटायला देतात रविवारी. गाल जरा भरलेत. चपात्या मोजून देतात म्हणाला, म्हणजे भूक लागतेय! ही परतताना रिक्षात गुणगुणत होती. आता तूही घेतेस की काय, म्हटलं. कितीतरी दिवसांनी हसली.

१८ जाने.

आज भेटायला निघणार तोच फोन. पहाटे निघून गेला. भिंत फार उंच नाही म्हणे.

गाल भरले होते.

२० जाने.

कुठे कुठे बघितलं. नवघरचा तलाव, स्टेशनच्या मागची बाजू, त्या शाळेतल्या मित्राचं घर. मित्राच्या आईने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिचाही पोरगा पंधरवडा झाला, आला नाही. शिव्या द्यायला गेलो होतो, पाणी पिऊन परत आलो.

जयवंतने सगळ्या बेंजोवाल्यांना फोटो पाठवलाय.

२२ जाने.

मॅडमचं बोलणं डोक्यातून जात नाही. मोडली की यायला लाजतात. गेटवर पुरचुंडी विचारली होती, ती त्याच्या डोक्यात होतीच की. आता कुठेतरी बसला असेल, मीठ मोडलं म्हणून घरी येता येत नाही म्हणत.

आणि दुसरं. कळतं मला, वजन उतरतं ते पावडरीने, झोप नाही म्हणून, जेवण नाही म्हणून. शिकलेला नसलो तरी एवढं कळतं. पण डोळे मिटले की दिसतं, पोर विरघळतोय. मनगट विरघळतंय, मान विरघळतेय. शपथ मी घातली. मूठ मी बंद केली.

तेव्हा ठरवलं, आला की खाडीवर न्यायचा आणि त्याच्या हाताने मीठ सोडायला लावायचं. शपथच नको. निदान तेवढं ओझं उतरू दे.

हिला सांगितलं तर ही चवताळली. "सोडवा, सोडवा! मग त्याच्यापाशी ऱ्हायलं काय? पॅड जेला, पार्टी जेली. येक शपथ हाय, ती बी घ्या काढून."

"मोडलेली शपथ आहे ती."

"मोडलेली आसंल. हाय तर."

दोघांचंही खरं वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा असं झालंय की भांडणात मी हिच्याही बाजूने आहे.

पुरचुंडी देव्हाऱ्यात माझ्या पुरचुंडीशेजारी होती. काढून खिशात ठेवली. कधी येईल सांगता येत नाही.

२५ जाने., रविवार

आला.

दुपारी जिन्यात बसलेला होता, बेल वाजवली नाही. शेजारच्या भाभीने सांगितलं, "भाईसाब, आपका लड़का बाहर बैठा है." किती वेळ बसला होता कोण जाणे. शर्ट दुसऱ्याच कुणाचा. पायात एकच चप्पल.

ही धावत गेली, त्याला धरून दारात आणलं आणि काय सुचलं तिला, त्याचं तोंड हुंगलं. "वास न्हाय," म्हणाली. आणि मग जी रडायला लागली ती थांबेना. नि. तिच्या पाठीवर हात फिरवत होता. त्याचा हात तिच्यापेक्षा म्हाताऱ्या माणसाचा दिसत होता.

आंघोळ घातली. पेज दिली. घोटभर घेतली, बाकी राहिली. बाहेरच्या खोलीत खाटेवर आडवा झाला. मी बाजूला खुर्चीत. मॅडमना फोन केला, परत आणा म्हणाल्या, जागा बघते. हा येईल का, येऊन राहील का, काही विचारलं नाही त्याला. मला आता प्रश्न विचारायची भीती वाटते.

डोळे मिटूनच म्हणाला, "पप्पा, पुरचुंडी कुठंय?"

"माझ्या खिशात. बरं वाटलं की खाडीवर जाऊ. तुझ्या हाताने पाण्यात सोड. मग तुझ्यावर काही नाही. कुणी काही बोलणार नाही."

 झोपला असं वाटलं.

मग म्हणाला, "नको. माझ्याकडे द्या."

"कशाला?"

"असंच. जवळ राहू दे."

हात पुढे केला. कापत होता, आगरावर कापला होता तसाच. शपथ आठवावी म्हणून मागतोय, की ते खडे बघायला मिळावेत म्हणून, मला कळेना. त्यालाही कळत असेल असं वाटत नाही. ही स्वयंपाकघराच्या दारातून मला मान हलवून सांगत होती. देऊ नका म्हणत होती की द्या म्हणत होती, तेही समजलं नाही.

दिली.

भिंतीकडे तोंड करून झोपलाय. मूठ उशीखाली आहे. गाठ तशीच आहे की सोडलीय, ते इथून दिसत नाही.